विश्लेषण : विद्यापीठ छोटे असले तरी चालेल, पण रुग्णालय कुठे आहे?

बारावीचा निकाल लागतो, 'नीट'चे गुण हाती येतात आणि एमबीबीएसची जागा हुकलेल्या विद्यार्थ्यांच्या घरी दुसऱ्या पर्यायांचा शोध सुरू होतो. याच काळात जिल्ह्याच्या एसटी स्थानकाबाहेर आणि मोबाइलच्या पडद्यावर एकाच प्रकारच्या जाहिराती दिसू लागतात. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, 'आरोग्यशास्त्रात पदवी', 'शंभर टक्के नोकरी'. जाहिरात देणारे विद्यापीठ अनेकदा नवे आणि छोटे असते. त्याचे नाव घरात कुणी ऐकलेले नसते. मग 'छोट्या विद्यापीठात प्रवेश घ्यावा की नाही' यावर आठवडाभर खल होतो. हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो अपुरा आहे. आरोग्यशास्त्राच्या पदवीचे मोल विद्यापीठाच्या आकारावर कमी आणि दोन गोष्टींवर अधिक ठरते : विद्यार्थी किती तास रुग्णांसोबत, कुणाच्या देखरेखीखाली काम करतो आणि पदवीनंतर त्याचे नाव कोणत्या व्यावसायिक नोंदवहीत लागते.

या पदव्या नेमक्या कोणत्या?

डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका आणि औषधनिर्माते यांच्या पलीकडे रुग्णालय चालवणारे मोठे मनुष्यबळ असते. रक्त-लघवी तपासणारा प्रयोगशाळा तंत्रज्ञ, एक्स-रे व सीटी स्कॅन काढणारा रेडिओग्राफर, शस्त्रक्रियागृहातील व भूल विभागातील तंत्रज्ञ, डायलिसिस तंत्रज्ञ, हृदय शस्त्रक्रियेत हार्ट-लंग यंत्र सांभाळणारा परफ्युजनिस्ट, डोळे तपासणारा ऑप्टोमेट्रिस्ट, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, आहारतज्ज्ञ, रुग्णांच्या नोंदी सांभाळणारा आरोग्य माहिती व्यवस्थापक, अशी ही यादी लांबते. पूर्वी या सर्वांना सरसकट 'पॅरामेडिकल' म्हटले जाई. आता 'सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यावसायिक' असा शब्दप्रयोग कायद्यात आला आहे. यातील बहुतेक पदव्या तीन वर्षे अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप अशा चार वर्षांच्या असतात. फिजिओथेरपीची पदवी त्याहून लांब असते.

ही कामे दुय्यम आहेत, हा समज मात्र अजून गेलेला नाही. एक साधे उदाहरण पुरे. रुग्णाचे रक्त सुईतून जोराने ओढले किंवा नमुन्याची नळी जोरजोरात हलवली तर तांबड्या पेशी फुटतात. त्यांच्यातील पोटॅशियम बाहेर येते आणि अहवालात ते खोटेच वाढलेले दिसते. रक्तातील पोटॅशियम खरोखर वाढले असेल तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून डॉक्टर तातडीने उपचार सुरू करतात. म्हणजे नमुना घेणाऱ्याच्या हातून झालेली चूक थेट उपचारापर्यंत जाते. चांगला तंत्रज्ञ असा नमुना पाहताच ओळखतो, तो बाद करतो आणि दुसरा मागवतो. हे पुस्तकात एका ओळीत लिहिलेले असते. पण ओळखण्याची नजर शेकडो नमुने हाताळल्यावरच येते.

डायलिसिसचेही तसेच. यंत्रातून मिनिटाला साधारण ५०० मिलिलिटर द्रावण वाहते. चार तासांच्या एका सत्रात ते १२० लिटर होते. धडधाकट माणूस दोन महिन्यांत पिईल जवळपास तेवढे पाणी चार तासांत रुग्णाच्या रक्तापासून केवळ एका पातळ पडद्याच्या अंतरावरून जाते. त्या पाण्याच्या शुद्धीकरणात गफलत झाली किंवा सुई निसटल्याचे वेळेत लक्षात आले नाही, तर काय होईल हे सांगायला नको. तिथे त्या क्षणी खाटेशेजारी उभा असतो तो तंत्रज्ञ. त्याची पदवी कुठे आणि कशी झाली, हा म्हणूनच केवळ त्याच्या कुटुंबाचा खासगी प्रश्न राहत नाही.

मागणी एवढी का वाढली?

पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडियाने केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी केलेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात देशात अशा व्यावसायिकांची सुमारे ६४ लाखांची तूट असल्याचा अंदाज मांडला होता. त्यानंतर ही गरज वाढतच गेली. २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला आणि जिल्हा रुग्णालयांत डायलिसिसची यंत्रे पोहोचू लागली. सीटी स्कॅन, सोनोग्राफी, स्वयंचलित प्रयोगशाळा यंत्रे तालुक्याच्या गावी आली. करोनाकाळात तर यंत्र आणि माणूस यांतील अंतर उघडे पडले. काही ठिकाणी व्हेंटिलेटर होते, पण ते चालवणारे प्रशिक्षित हात पुरेसे नव्हते.

यंत्र महिन्याभरात विकत घेता येते; माणूस तयार व्हायला चार वर्षे लागतात. ही पोकळी भरण्यासाठी सरकारी महाविद्यालयांतील जागा पुऱ्या पडल्या नाहीत. ती जागा खासगी आणि छोट्या विद्यापीठांनी घेतली. यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच की, पोकळी भरताना प्रशिक्षण भरले गेले की नुसत्या जागा.

कायदा काय सांगतो?

परिचारिकांसाठी १९४७ मध्ये, तर औषधनिर्माते आणि दंतवैद्यांसाठी १९४८ मध्ये केंद्रीय कायदे झाले. डॉक्टरांसाठी १९५६ चा भारतीय वैद्यक परिषद कायदा होता. आता त्याची जागा राष्ट्रीय वैद्यक आयोगाने घेतली आहे. प्रयोगशाळा तंत्रज्ञ किंवा रेडिओग्राफर यांना मात्र अशी देशपातळीवरील ओळख मिळायला २०२१ उजाडावे लागले. त्या वर्षीच्या मार्चमध्ये संसदेने 'राष्ट्रीय सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा' संमत केला. या कायद्याच्या परिशिष्टात दहा गटांत पन्नासहून अधिक व्यवसायांची नावे आहेत. केंद्रात आयोग, राज्यात परिषद, दोन्हीकडे नोंदवही आणि नोंदणीशिवाय व्यवसाय नाही, अशी त्याची रचना आहे.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने कायद्यातील सर्वांत महत्त्वाची बाब तासांची आहे. 'सहयोगी आरोग्य व्यावसायिक' म्हणवून घेण्यासाठी किमान २,००० तासांचा, दोन ते चार वर्षांत विभागलेला अभ्यासक्रम हवा. 'आरोग्यसेवा व्यावसायिक' होण्यासाठी किमान ३,६०० तासांची, तीन ते सहा वर्षांत विभागलेली पदवी हवी. ३,६०० तास तीन वर्षांत बसवायचे तर वर्षाला १,२०० तास होतात. वर्षातले ४० आठवडे शिकवणी धरली तर आठवड्याला ३० तास. म्हणजे सहा दिवस रोज पाच तास. ज्या अभ्यासक्रमाचे वर्ग आठवड्यातून तीन दिवस दुपारी भरतात आणि उरलेला वेळ 'स्वयंअध्ययन' म्हणून सोडला जातो, त्याचे गणित इथेच चुकते. हा हिशेब करायला कुणा तज्ज्ञाची गरज नाही. वेळापत्रक आणि मोबाइलमधील कॅल्क्युलेटर पुरतो.

कायदा झाला तरी त्याची अंमलबजावणी रेंगाळली. अखेर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने केंद्र व राज्यांना दोन महिन्यांत पावले उचलण्यास सांगितले. महाराष्ट्रात त्याआधीपासून ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपीसाठी २००२ च्या आणि पॅरामेडिकल व्यवसायांसाठी २०११ च्या राज्य कायद्यान्वये परिषदांची तरतूद होती. जुन्या परिषदा आणि नवा केंद्रीय कायदा यांची घडी सर्व राज्यांत सारखी बसलेली नाही. नेमक्या या संक्रमणकाळात प्रवेश घेणाऱ्यांनी अधिक सावध राहणे गरजेचे आहे. आज सैल वाटणारा नियम चार वर्षांनी, पदवी हाती येईल तेव्हा, कडक झालेला असू शकतो.

'मान्यताप्राप्त' या शब्दाचा अर्थ काय?

जाहिरातींत हा शब्द सर्वाधिक वापरला जातो आणि तोच सर्वाधिक गोंधळ घालतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार ठरावीक संस्थांनाच आहे : केंद्र किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे आणि संसदेने तसा खास अधिकार दिलेल्या संस्था. महाराष्ट्रात १९९८ मध्ये नाशिकला स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ हे संलग्नता देणारे सरकारी विद्यापीठ आहे. राज्यभरातील महाविद्यालये त्याच्याशी जोडलेली आहेत. अभिमत विद्यापीठे आणि स्वतंत्र कायद्याने स्थापन झालेली खासगी विद्यापीठे त्याच्या कक्षेबाहेर आहेत. ती स्वतःचा अभ्यासक्रम आखतात, स्वतः परीक्षा घेतात आणि स्वतःच पदवी देतात.

त्यामुळे 'मान्यताप्राप्त' म्हणताना किमान तीन वेगळ्या गोष्टी बोलल्या जातात. एक, विद्यापीठाला पदवी देण्याचा अधिकार आहे का. दोन, 'नॅक'सारख्या संस्थेने त्याच्या गुणवत्तेला कोणती श्रेणी दिली आहे. तीन, त्या विशिष्ट अभ्यासक्रमाची पदवी व्यावसायिक परिषद नोंदणीसाठी स्वीकारते का. पहिल्या दोन गोष्टी असल्या म्हणजे तिसरी आपोआप असते, असे नाही. विद्यापीठ पूर्णपणे कायदेशीर असू शकते, त्याला चांगली श्रेणीही असू शकते; तरीही एखाद्या पदवीधारकाचे नाव व्यावसायिक नोंदवहीत लागण्यात अडचण येऊ शकते. आरोग्यक्षेत्रात तिसरी गोष्टच पोटापाण्याची आहे.

पहिली गोष्टही गृहीत धरण्यासारखी नाही, हे देशाने एकदा पाहिले आहे. छत्तीसगडमध्ये २००२ च्या कायद्याचा आधार घेऊन अल्पावधीत खासगी विद्यापीठांचे पेव फुटले. शिक्षणतज्ज्ञ प्रा. यशपाल यांनी त्याविरोधात सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. फेब्रुवारी २००५ मध्ये न्यायालयाने त्या कायद्यातील संबंधित तरतुदी रद्द केल्या आणि ११२ विद्यापीठांचे अस्तित्व एका निकालाने संपले. तिथे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची इतरत्र सोय लावण्याची वेळ आली. आज नियम अधिक स्पष्ट आहेत. खासगी विद्यापीठाला इतर महाविद्यालयांना संलग्नता देता येत नाही. म्हणून 'आमचे केंद्र अमुक राज्यातील तमुक खासगी विद्यापीठाशी संलग्न आहे', असे गल्लीतील संस्थेने सांगितले तर तिथेच थांबलेले बरे.

छोट्या विद्यापीठाचे काही फायदे आहेत का?

आहेत, आणि ते कमी लेखू नयेत. मोठ्या शहरातील नामांकित रुग्णालयात एका रुग्णाभोवती प्राध्यापक, निवासी डॉक्टर, एमबीबीएसचे विद्यार्थी, परिचारिका विद्यार्थिनी अशी गर्दी असते. तंत्रज्ञान पदवीचा विद्यार्थी चौथ्या रांगेत उभा राहून टाचा उंचावतो. छोट्या संस्थेत तुकडी लहान असते. शिक्षकाला विद्यार्थ्याचे नाव माहीत असते, त्याचा हात कुठे थरथरतो तेही माहीत असते. पहिल्या सहा महिन्यांतच यंत्राला हात लावायला मिळतो.

महाराष्ट्राला याची उदाहरणे बाहेर शोधावी लागत नाहीत. लोणी, कराड, वर्ध्याजवळचे सावंगी (मेघे) ही महानगरे नाहीत. तरीही तिथे आरोग्यशास्त्राची अभिमत विद्यापीठे उभी राहिली आणि त्यांच्या केंद्रस्थानी स्वतःचे शिक्षण रुग्णालय आहे. सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था विद्यापीठ नसली, तरी १९६९ पासून कस्तुरबा रुग्णालयाच्या आधाराने गावात राहून आरोग्यशिक्षण देता येते हे ती दाखवत आली आहे. गाव छोटे आहे म्हणून शिक्षण छोटे होत नाही. उलट आसपासच्या चार-पाच तालुक्यांतून येणारा रुग्ण तिथे साप चावल्यापासून ते मधुमेहाने पाय चिघळेपर्यंत सर्व काही घेऊन येतो.

आणखी एक फायदा भाषेचा. वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलणाऱ्या आजीबाईंना 'श्वास रोखून धरा' हे त्यांच्या बोलीत सांगता आले, तर एक्स-रे पहिल्याच खेपेला नीट येतो. पुन्हा काढावा लागत नाही, किरणोत्साराची दुसरी मात्रा टळते. घराजवळ शिकलेली मुले घराजवळ नोकरी करण्याची शक्यताही अधिक असते. ग्रामीण रुग्णालयांतील रिकाम्या पदांचे उत्तर महानगरातील वसतिगृहांपेक्षा या मुलांकडे आहे.

मग घोडे अडते कुठे?

अडते ते रुग्णालयापाशी. वर्ग, संगणक कक्ष, प्लास्टिकचे मानवी पुतळे आणि सूक्ष्मदर्शके घेऊन इमारत उभी करता येते. तिथे पहिले वर्ष निभावते. शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायनशास्त्र शिकवून होते. दुसऱ्या वर्षापासून रुग्ण लागतो. विद्यापीठाचे स्वतःचे रुग्णालय नसेल तर एखाद्या खासगी रुग्णालयाशी 'सामंजस्य करार' केला जातो. करार वाईट नसतो. कागदावरचा करार वाईट असतो. पंचवीस-तीस खाटांच्या रुग्णालयाने तीन-चार संस्थांशी करार केला, तर प्रत्येक खाटेभोवती विद्यार्थीच अधिक दिसतील. त्या रुग्णालयाला शिकवण्याचे बंधन नसेल, तर विद्यार्थी कागदपत्रे लावण्यासाठी, रुग्णांना ढकलखुर्चीवरून नेण्यासाठी आणि रात्रपाळीतील माणूस कमी पडला तर त्याच्या जागी फुकट उभे राहण्यासाठी वापरला जातो. इंटर्नशिपचा दाखला मिळतो, शिकणे राहून जाते.

यातला सर्वांत वाईट प्रकार म्हणजे 'इंटर्नशिप तुमची तुम्ही शोधा' असे शेवटच्या वर्षी सांगणे. चार वर्षांचे शुल्क घेणाऱ्या संस्थेने शिक्षणाचा सर्वांत महत्त्वाचा भाग विद्यार्थ्याच्या ओळखीपाळखीवर सोडला, तर तिने विकले काय, हा प्रश्न विचारायला हवा. ज्यांच्या घरात कुणी डॉक्टर नाही, शहरात कुणी नातेवाईक नाही, त्यांचीच यात कोंडी होते. आणि छोट्या विद्यापीठांकडे वळणारे अनेक जण नेमके याच घरांतले असतात. एखादे घर त्यासाठी शेत गहाण टाकते, एखादे शैक्षणिक कर्ज काढते.

'बीएस्सी आरोग्यशास्त्र' या सर्वसाधारण पदवीचे काय?

काही विद्यापीठे विशिष्ट व्यवसायाचे नाव न घेता 'आरोग्यशास्त्र' किंवा 'सार्वजनिक आरोग्य' अशी व्यापक पदवी देतात. तिला अर्थ नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. साथरोग, आकडेवारी, पोषण, आरोग्य धोरण, रुग्णालय प्रशासन यांची ओळख त्यात होते. पुढे सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर शिक्षण घेता येते. स्वयंसेवी संस्था, विमा कंपन्या, संशोधन प्रकल्प, आरोग्य सर्वेक्षण यांत कामे मिळतात. पण ही पदवी घेऊन खाटेशेजारी उभे राहता येत नाही. ती रेडिओग्राफर, तंत्रज्ञ किंवा आहारतज्ज्ञ घडवत नाही. फसगत होते ती पदवीमुळे नव्हे, तर माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावरील स्टेथोस्कोपमुळे. विद्यार्थ्याला कोणते काम करायचे आहे हे आधी ठरले आणि मग ही पदवी निवडली, तर तक्रारीला जागा उरत नाही.

ऑनलाइन पदवीचा पर्याय?

हा पर्याय आता बऱ्याच अंशी बंद झाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून आरोग्यसेवा व त्याच्याशी निगडित अभ्यासक्रम दूरशिक्षण किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवण्यास मनाई केली. त्यात मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, अन्न व पोषणशास्त्र, जैवतंत्रज्ञान, क्लिनिकल पोषण व आहारशास्त्र यांचाही समावेश आहे. काहींना हा निर्णय जाचक वाटला. नोकरी करत शिकणाऱ्यांची त्यात अडचण झाली, हे खरेच. पण त्यामागचे तत्त्व बरोबर आहे. चित्रफीत पाहून शीर सापडत नाही. मात्र तेच तत्त्व पुढे नेले, तर रुग्ण न दाखवता वर्गात बसवून दिलेली पदवी आणि ऑनलाइन पदवी यांत फारसा फरक उरत नाही, हेही मान्य करावे लागेल. विद्यार्थी इमारतीत हजर होता, रुग्ण नव्हता, एवढाच काय तो भेद.

प्रवेशापूर्वी काय तपासावे?

सर्वांत आधी, रुग्णालय पाहावे. तेही प्रवेश मेळाव्याच्या दिवशी नव्हे, तर एखाद्या साध्या सोमवारी सकाळी. बाह्यरुग्ण विभागात रांग आहे का, किती खाटा भरलेल्या आहेत, ज्या विषयाचा अभ्यासक्रम आहे तो विभाग प्रत्यक्ष चालू आहे का, हे तासाभरात कळते. डायलिसिस तंत्रज्ञानाची पदवी देणाऱ्या संस्थेत डायलिसिसची किती यंत्रे चालू आहेत आणि एका तुकडीत किती विद्यार्थी आहेत, हे दोन आकडे शेजारी ठेवले की उत्तर मिळते.

दुसरे, शिक्षक. विषयाचा पूर्णवेळ शिक्षक आहे की आठवड्यातून एकदा येणारा पाहुणा, हे विचारावे. तिसरे, विद्यार्थ्यांची 'लॉगबुक' म्हणजे कामाची नोंदवही. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याकडे ती मागून पाहावी. कोणते काम किती वेळा केले, त्यावर सही कुणाची आहे, सर्व सह्या एकाच दिवशी एकाच पेनाने केलेल्या तर नाहीत ना, हे पाहिले तरी बरेच काही कळते.

चौथे, 'प्लेसमेंट'चे आकडे विचारण्याऐवजी नोंदणीचे विचारावेत. मागील दोन तुकड्यांतील किती जणांची परिषदेकडे नोंदणी झाली? या प्रश्नाला थेट उत्तर न मिळणे हेही उत्तरच आहे. पाचवे, सुरक्षितता. रक्त हाताळणाऱ्या विद्यार्थ्यांना हेपेटायटिस-बीची लस दिली जाते का? रेडिओलॉजीच्या विद्यार्थ्यांना किरणोत्साराची मात्रा मोजणारा टीएलडी बिल्ला मिळतो का? किरणोत्सारात काम करणाऱ्यांसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाने पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा घातली आहे. बिल्लाच नसेल तर मात्रा मोजणार कोण? जी संस्था आपल्या विद्यार्थ्याला जपत नाही, ती त्याला रुग्णाला जपायला कसे शिकवणार, हा साधा सवाल आहे.

सहावे, पैसा. संपूर्ण चार वर्षांचे शुल्क, इंटर्नशिपच्या वर्षाचे शुल्क आणि त्या वर्षात विद्यावेतन मिळणार की नाही, हे लेखी घ्यावे. मूळ प्रमाणपत्रे संस्थेकडे ठेवून घेण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ च्या अधिसूचनेद्वारे मनाई केली आहे. पडताळणी करून ती परत द्यायची असतात. दहावी-बारावीची गुणपत्रके कपाटात बंद ठेवून विद्यार्थ्याला बांधून ठेवण्याचा प्रकार कुठे झाला, तर तो नियमबाह्य आहे.

जबाबदारी फक्त पालकांची का?

इथे खरा मुद्दा येतो. वरील यादी उपयुक्त असली तरी ती सतरा-अठरा वर्षांच्या मुलावर आणि शेतात किंवा दुकानात राबणाऱ्या त्याच्या पालकांवर निरीक्षकाचे काम सोपवते. ते काम नियामकांचे आहे. प्रत्येक अभ्यासक्रमासमोर मंजूर जागा, संलग्न रुग्णालयाचे नाव, तेथील खाटा, पूर्णवेळ शिक्षक आणि आजवर नोंदणी झालेले पदवीधर एवढ्या पाच बाबी एका पानावर, मराठीत, मोबाइलवर वाचता येतील अशा जाहीर करणे अवघड नाही. एकाच रुग्णालयाचे नाव किती संस्थांच्या करारात आहे, हे त्या पानावरून आपोआप उघड होईल.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. नियम कडक केले तर मागास जिल्ह्यांतील छोट्या संस्था बंद पडतील, मोठ्या शहरांतील महागड्या संस्था तेवढ्या उरतील आणि गरीब विद्यार्थ्यांची वाटच बंद होईल. ही भीती निराधार नाही. पण त्यावरचा उपाय नियम सैल करणे हा नव्हे. जिल्हा रुग्णालये आणि उपजिल्हा रुग्णालये यांच्याकडे रुग्ण आहेत, यंत्रे आहेत, मनुष्यबळ मात्र अपुरे आहे. छोट्या विद्यापीठांकडे विद्यार्थी आहेत, वर्ग आहेत, रुग्ण नाहीत. या दोघांची सांगड जाहीर अटींवर घालता येईल. विद्यापीठाने रुग्णालयात पूर्णवेळ शिक्षक नेमावेत, विद्यार्थ्यांनी त्यांच्या देखरेखीखाली काम करावे, इंटर्नला विद्यावेतन मिळावे आणि किती संस्थांना प्रवेश द्यायचा याची मर्यादा खाटांवरून ठरावी. असे झाले तर विद्यार्थ्याला रुग्ण मिळेल आणि जिल्ह्याच्या रुग्णाला प्रशिक्षित माणूस.

तोवर प्रवेश घेणाऱ्या घरांपुढचा निर्णय तसा सोपा करता येतो. छोटे विद्यापीठ, पण शेजारी गजबजलेले रुग्णालय, नाव माहीत असलेला शिक्षक आणि परिषदेची नोंदणी असेल, तर मोठ्या नावाचा हव्यास धरण्याचे कारण नाही. मोठी इमारत, चकचकीत माहितीपत्रक, पण रुग्णालय विचारले की करार दाखवला जात असेल, तर एक वर्ष वाया गेले तरी चालेल, चार जाऊ नयेत. कारण चार वर्षांनंतर त्या पदवीधरासमोर जो रुग्ण आडवा झालेला असेल, तो विद्यापीठाचे नाव विचारणार नाही. त्याला एवढेच हवे असेल की, सुई टोचणाऱ्या हाताने ते काम आधी अनेकदा, कुणाच्या तरी नजरेखाली केलेले असावे.